मेरिडियनचा गाणारा ब्रेकमन : जिमी रॉजर्स

पिकते तेथे विकत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती धान्यापेक्षा माणसांनाच अधिक लागू पडते. ज्या गावात एखादा गुणी मनुष्य जन्मतो, त्या गावाला त्याची किंमत बहुधा सर्वांत शेवटी कळते. बाहेरच्यांनी त्याला डोक्यावर घेतले, की मग गावकरी आपापसांत विचारू लागतात की, हा आपलाच ना? आणि तोवर तो पुष्कळदा इहलोक सोडून गेलेला असतो.

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील कर्तबगार स्त्रीपुरुषांचा परिचय येतो, आणि तो यावाच. परंतु यंदा वाचकांची अनुज्ञा घेऊन एका दूरदेशीच्या गवयाचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे. आपल्या माणसाचे स्मरण कसे करावे, आणि ते करताना काय विसरू नये, या दोन्ही गोष्टी या चरित्रातून आणि त्याच्या गावाच्या वागणुकीतून शिकण्यासारख्या आहेत.

अमेरिकेच्या दक्षिणेस मिसिसिपी नावाचे राज्य आहे. कापसाची शेती, मोठमोठ्या नद्या आणि गुलामगिरीचा जुना कलंक, अशी या प्रांताची ओळख होती. तेथे दोन लोहमार्ग जेथे एकमेकांस छेदत होते, त्या सांध्यावर १८६० च्या सुमारास मेरिडियन हे गाव वसले. चार वर्षांतच यादवी युद्धात, १८६४ च्या फेब्रुवारीत, जनरल शर्मनच्या फौजेने ते जाळले व आसपासचे रूळ उखडून टाकले. पण आगगाडीने जन्माला घातलेले गाव आगगाडीनेच पुन्हा उभे केले. १८९० पासून पुढची सुमारे चाळीस वर्षे मेरिडियन हे त्या राज्यातील सर्वांत मोठे शहर होते. घरोघरी कोणी ना कोणी रेल्वेत असे, आणि रात्री इंजिनाची शिटी ऐकत मुले झोपी जात.

अशा या गावाच्या परिसरात ८ सप्टेंबर १८९७ रोजी जेम्स चार्ल्स रॉजर्स, म्हणजेच आपला चरित्रनायक जिमी, जन्मास आला. वडील एरन रॉजर्स हे रेल्वेत मुकादम होते. रूळ दुरुस्त करणाऱ्या मजुरांच्या टोळीवर देखरेख करणे हे त्यांचे काम. त्यामुळे बिऱ्हाड एका जागी फार काळ टिकत नसे. जिमी पाचसहा वर्षांचा असतानाच आई एलायझा निवर्तली. पोरक्या मुलाला नातलगांनी आलटून पालटून सांभाळले. त्यांतही मेरिडियनच्या उत्तरेस पाइन स्प्रिंग्ज या वस्तीत राहणाऱ्या त्याच्या डोरा मावशीने त्याला आईची माया दिली. या मावशी शिकलेल्या होत्या. त्यांच्या घरी त्याला पुस्तकांची व गाण्याची थोडीफार गोडी लागली. पण शाळेत मात्र त्याचे मन कधीच रमले नाही. तो वर्गात बसे, पण कान खिडकीबाहेर असत. अशी मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली आहेत.

बारातेरा वर्षांच्या वयात जिमीने गावच्या नाट्यगृहातील हौशी कलावंतांच्या स्पर्धेत गाऊन बक्षीस मिळविले. तेवढ्याने त्याच्या डोक्यात वारे शिरले. त्याने घरातील चादरी शिवून तंबू केला आणि आसपासच्या पोरांना जमवून खेळ लावला, असे सांगतात. पुढे तर त्याने वडिलांच्या नावावर उधारीने खरा कापडी तंबू आणला, आणि बिल आल्यावरच वडिलांना त्याची वार्ता लागली. त्यानंतर तो औषधवाल्यांच्या एका फिरत्या खेळाबरोबर पळून गेला. त्या काळी तिकडे गाणेबजावणे करून लोक जमवायचे आणि मग सर्व रोगांवर एकच बाटली विकायची, असा धंदा करणाऱ्या मंडळ्या गावोगाव हिंडत. वडिलांनी त्याला शोधून काढले आणि दोन गोष्टी पुढे ठेवल्या : शाळा किंवा रेल्वेतील काम. जिमीने रेल्वे पत्करली.

येथे त्याच्या आयुष्यातील खरी शाळा सुरू झाली. वडिलांच्या टोळीत त्याला पाणक्याचे काम मिळाले. उन्हात रूळ उचलणाऱ्या आणि गिट्टी ठोकणाऱ्या मजुरांपर्यंत पाण्याची बादली पोचवायची, हे ते काम. या मजुरांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. गुलामगिरी कायद्याने संपून त्या वेळी पन्नास वर्षेही झाली नव्हती. या माणसांचे बाप किंवा आजे गुलामीतच जन्मले होते. रूळ जड, तो एकट्याने हलत नाही. सर्वांचे बळ एकाच क्षणी लागावे म्हणून एक जण गाणे सुरू करी आणि बाकीचे त्या ठेक्यावर पहार रेटीत. दुपारच्या सुटीत कोणी बँजो छेडी, कोणी आपले दुःख गाण्यात सांगे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा उलगडा करायचा, अशी त्या गाण्यांची ठेवण असे. याच रीतीला पुढे ब्लूज हे नाव जगभर मिळाले. पाणी देता देता जिमी ही गाणी, ती वाद्ये आणि ती बोलण्याची ढब उचलीत गेला. ज्यांच्याशी एका पंगतीला बसणेही त्या प्रांतात गोऱ्या माणसाला निषिद्ध होते, ते त्याचे गुरू झाले. त्यांपैकी एकाचेही नाव इतिहासाने टिपून ठेवलेले नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

वयात आल्यावर जिमी ब्रेकमन झाला. मालगाडीचे डबे जोडणे व सोडणे, सांधे बदलणे, आणि प्रसंगी धावत्या गाडीच्या टपावरून चालत जाऊन हाताने ब्रेक आवळणे, असे ते जोखमीचे काम होते. पाऊस असो वा हिमवर्षाव, त्यात खंड नसे. न्यू ऑर्लीन्स आणि मेरिडियन यांच्या दरम्यानच्या मार्गावर त्याने बरीच नोकरी केली. पण नोकरी कायमची नसे. माल कमी झाला की माणसे कमी होत. मग जिमी मिळेल ते काम करीत गावोगाव हिंडे. खांद्यावर वाद्य मात्र सदैव असे. पगार झाला की तो पैसा कपड्यालत्त्यावर, ध्वनिमुद्रिकांवर आणि मित्रांवर उधळून टाकण्याचा त्याचा स्वभाव होता. संसारी माणसाला हा स्वभाव परवडत नाही. १९१७ साली झालेला त्याचा पहिला विवाह लवकरच मोडला.

१९२० च्या एप्रिलमध्ये त्याने मेरिडियनमधील एका धर्मोपदेशकाची कन्या कॅरी विल्यमसन हिच्याशी विवाह केला. मुलगी सुशील, घर भक्तिमार्गी, आणि जावई तंबूत गाणारा! तरीही ह्या बाईंनी तेरा वर्षे त्याच्या बरोबरीने दारिद्र्य, आजार आणि वैभव ही तिन्ही सारख्याच धीराने सोसली. पुढल्या वर्षी अनिता ही कन्या झाली. दुसरी मुलगी जून १९२३ च्या डिसेंबरात, सहा महिन्यांची असतानाच दगावली. जिमी त्या वेळी खेळाच्या निमित्ताने परगावी होता. घरी परतण्याच्या भाड्यासाठी त्याला आपले वाद्य गहाण टाकावे लागले, असे सांगतात.

दुःख एकटे येत नाही. १९२४ साली जिमीला रक्ताची गुळणी आली आणि क्षयाचे निदान झाले. क्षयावर पहिले गुणकारी औषध ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले. तोपर्यंत विश्रांती, सकस अन्न आणि कोरडी हवा एवढाच उपचार होता. आपल्याकडेही ज्या घरांनी त्या काळात क्षयाचा रोगी पाहिला, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. ब्रेकमनचे काम सुटले. हातात उरले ते गाणे. फुप्फुसे पोखरलेल्या माणसाने गाण्यावर पोट भरायचे, असा हा विलक्षण योग होता.

डोंगराळ हवा मानवेल म्हणून १९२७ च्या आरंभी तो नॉर्थ कॅरोलायना राज्यातील अ‍ॅशव्हिल येथे गेला. तेथे नुकत्याच निघालेल्या नभोवाणी केंद्रावर त्याला एप्रिल महिन्यात गाण्याची संधी मिळाली. ब्रिस्टल गावच्या काही तरुण वादकांना त्याने आपल्याबरोबर घेतले. कार्यक्रम फार दिवस टिकला नाही, पण त्या सोबत्यांमुळे एक बातमी कानी आली : व्हिक्टर या ध्वनिमुद्रिका कंपनीचे राल्फ पिअर नावाचे गृहस्थ ब्रिस्टलला येऊन स्थानिक गायकांची परीक्षा घेणार आहेत.

ब्रिस्टल हे गाव दोन राज्यांत विभागलेले आहे. मुख्य रस्त्याच्या एका बाजूस टेनेसी, दुसऱ्या बाजूस व्हर्जिनिया. त्याच रस्त्यावरच्या एका रिकाम्या टोप्यांच्या वखारीत पिअरने आपले यंत्र मांडले होते. विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण करण्याची कला तेव्हा नुकतीच दोन वर्षांची होती. तिच्यामुळे हळू आवाजातील गाणेही स्पष्ट उतरू लागले होते. १९२७ च्या जुलैअखेर व ऑगस्टच्या आरंभी जेमतेम दोन आठवड्यांत तेथे जे गाणे टिपले गेले, त्याला अमेरिकेतील ग्रामीण संगीताची, म्हणजे ज्याला तिकडे कंट्री म्यूझिक म्हणतात त्याची, जन्मघटिका मानतात. कार्टर कुटुंबाचा प्रसिद्ध मेळा तेथेच पहिल्याने गायिला.

जिमीची पाळी ४ ऑगस्ट रोजी होती. आदल्या रात्री मुद्रिकेवर कोणाचे नाव छापावे, यावरून त्याच्यात व सोबत्यांत वाद झाला आणि ते त्याला सोडून गेले. नावाचा हव्यास हा कलावंतांच्या मेळ्यांना लागलेला जुनाच रोग आहे. दुसऱ्या दिवशी जिमी एकटाच गिटार घेऊन यंत्रासमोर उभा राहिला. त्याने दोन गाणी म्हटली : एक युद्धात पडलेल्या सैनिकाच्या प्रेयसीचे, दुसरे अंगाई. त्यांचे त्याला शंभर डॉलर मिळाले.

मुद्रिका निघाली, पण फारसा गाजावाजा झाला नाही. वाट पाहत बसण्याइतके आयुष्य आपल्यापाशी नाही, हे जिमीला पुरते ठाऊक होते. नोव्हेंबरात तो आपण होऊन न्यूयॉर्कला गेला आणि मी गाणी म्हणावयास आलो आहे, असे त्याने पिअरला कळविले. ३० नोव्हेंबर १९२७ रोजी न्यू जर्सीतील कॅम्डन येथे ध्वनिमुद्रण झाले. त्यांतील एका गाण्याने इतिहास घडविला. पिअरने त्याला ब्लू योडेल असे नाव दिले. आल्प्स पर्वतातील गुराखी आवाज खालच्या पट्टीतून एकदम वरच्या पट्टीत फेकून ज्या हाका घालतात, त्यांना योडेल म्हणतात. मजुरांच्या टोळीत शिकलेले ब्लूज गाताना जिमीने ओळीच्या शेवटी ही योडेलची तान जोडली. ती ऐकली की रात्री दूर जाणाऱ्या गाडीची शिटी आठवावी! हे गाणे लाखोंच्या संख्येने खपले. पुढे क्रमांक घालून याच जातीची एकूण तेरा गाणी त्याने दिली.

यशाबरोबर नवी अडचण आली. नव्या गाण्यांवर स्वामित्वाचा हक्क मिळे. जुन्या पारंपरिक गाण्यांवर तो नसे. म्हणून पिअरला सतत नवी गाणी हवी असत. एवढी गाणी एकटा जिमी कोठून आणणार? त्याने मेरिडियनला आपल्या मेहुणीकडे धाव घेतली. एल्सी मॅकविल्यम्स ह्या कॅरीच्या भगिनी गावात संगीत शिकवीत आणि चर्चमध्ये वाद्य वाजवीत. जिमीला स्वरलिपी वाचता येत नसे, म्हणून त्या त्याच्यासमोर पियानोवर चाल वाजवून दाखवीत आणि तो ती कानाने उचली. अशी तीसहून अधिक गाणी त्यांच्या हातून झाली. आजारी मेहुण्याच्या संसाराला हातभार लागावा, एवढ्याच हेतूने त्यांनी हे केले. नावाची वा पैशाची फारशी अपेक्षा त्यांनी ठेवली नाही. १९७९ साली नॅशव्हिल येथील गीतकारांच्या सन्मानमंडळात त्यांची निवड झाली, तेव्हा त्या त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. थोरांच्या चरित्रात अशा बहिणी, मेहुण्या आणि मावश्या नेहमीच असतात. त्यांची नावे मात्र चरित्राच्या समासात राहतात.

आता जिमीचे दिवस पालटले. लोक त्याला गाणारा ब्रेकमन म्हणू लागले. १९२९ साली त्याच नावाचा एक लघुबोलपटही निघाला. वाण्याच्या दुकानात पावशेर साखर घेताना लोक त्याची नवी मुद्रिका मागत, असे सांगतात. त्याच्या गाण्यात रोजचीच माणसे होती : गाडीची वाट पाहणारा निष्कांचन प्रवासी, घर सोडून गेलेला मुलगा, तुरुंगातील कैदी, आईवडिलांची आठवण. शिकलेल्या गवयांना त्यात दोष दिसत. ताल तो आपल्या सोयीने लांबवी वा आखडता घेई. पण ऐकणाऱ्याला वाटे, की हा आपल्याच ओसरीवर बसून बोलतो आहे. टेक्सास राज्यात कर्व्हिल येथे कोरड्या हवेसाठी त्याने मोठा बंगला बांधला. नामांकित कारागिरांकडून १९२८ साली त्याने एक गिटार घडवून घेतली. तिच्या पट्टीवर त्याचे नाव जडविले होते आणि पाठीवर आभाराचा इंग्रजी शब्द उलटा लिहिला होता. गाणे संपले की तो गिटार उलटी करून श्रोत्यांना दाखवी.

१६ जुलै १९३० रोजी हॉलिवुड येथे एक विशेष प्रसंग घडला. जिमीच्या नवव्या ब्लू योडेलला ट्रम्पेटची साथ केली ती लुई आर्मस्ट्राँग या थोर कृष्णवर्णीय कलावंताने, आणि पियानोवर होत्या त्याच्या पत्नी लिल. ज्या रीतीचे गाणे जिमी पाणक्या असताना शिकला, त्या रीतीचा जणू अधिपतीच त्याच्या शेजारी येऊन बसला. परंतु मुद्रिकेवर आर्मस्ट्राँगचे नाव छापले नाही. बाजारात गोऱ्यांची गाणी वेगळी आणि काळ्यांची गाणी वेगळी विकली जात. पेटीत मात्र स्वर एकत्रच नांदत होते.

वैभव फार काळ टिकले नाही. १९२९ च्या मंदीने अमेरिकेतील गोरगरिबांच्या हाती पैसा उरला नाही आणि मुद्रिकांचा खप कोसळला. १९३१ च्या आरंभी विल रॉजर्स या विनोदी नटाबरोबर (दोघांच्या आडनावांचा उच्चार एक, नाते मात्र नव्हते) जिमीने अवर्षणग्रस्तांच्या मदतीसाठी रेडक्रॉसतर्फे दौरा केला. स्वतःचे शरीर ढासळत असताना दुसऱ्यांसाठी त्याने हे कष्ट घेतले. त्याच वर्षी त्याने आपल्या रोगावरच एक गाणे मुद्रित केले. ज्या व्याधीचे नाव घ्यावयासही लोक घाबरत, तिच्याकडे पाहून त्याने गायिले. बंगला विकावा लागला आणि कुटुंब सॅन अँटोनियोमधील साध्या घरात आले.

१९३३ च्या मे महिन्यात तो अखेरच्या प्रवासास निघाला. कुटुंबासाठी काही पैसा मागे राहावा म्हणून न्यूयॉर्कला जाऊन त्याला आणखी गाणी द्यायची होती. सोबत एक परिचारिका होती. १७ मेपासून काम सुरू झाले. दोन गाण्यांच्या मध्ये विसावा घेता यावा म्हणून ध्वनिमुद्रणाच्या खोलीतच त्याच्यासाठी खाट टाकली होती. उठायचे, गायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे, असे करीत २४ मे रोजी त्याने शेवटचे गाणे पुरे केले. २६ मे रोजी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात त्याची प्राणज्योत मालवली. वय अवघे पस्तीस. व्यावसायिक गायनाची वर्षे सहाही पुरी नाहीत, आणि मागे राहिली सुमारे एकशे दहा मुद्रित गाणी.

त्याचा देह आगगाडीनेच मेरिडियनला आणण्यात आला. गाव जवळ येताच चालकाने इंजिनाची शिटी मंद सुरात लांबवीत नेली, असे त्या गावात आजवर सांगतात. ओक ग्रोव्ह स्मशानभूमीत, चिमुकल्या जूनच्या शेजारी, त्याला चिरविश्रांती मिळाली.

येथे जिमीचे चरित्र संपते आणि गावाचे सुरू होते. पुढील वीस वर्षे मेरिडियनने त्याच्यासाठी सांगण्यासारखे काही केले नाही. तंबूत गाणारा, पैसा उधळणारा, क्षयाने गेलेला एक रेल्वेचा माणूस. प्रतिष्ठितांना त्याचे भूषण वाटण्याचे कारण नव्हते. स्मृतीचा दिवा तेवत ठेवला तो कॅरीबाईंनी. १९३५ साली त्यांनी पतीचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढे अर्नेस्ट टब नावाचा एक गरीब तरुण गायक त्यांच्या दारी आला. त्याचे गाणे ऐकून बाईंनी जिमीची ती गिटार त्याच्या हाती दिली आणि ध्वनिमुद्रिका कंपनीत त्याच्यासाठी शब्द टाकला. टब मोठा झाला आणि उपकार विसरला नाही. कॅनडातून आलेला दुसरा एक भक्त, हँक स्नो, याने तर आपल्या मुलाचेच नाव जिमी रॉजर्स ठेवले होते.

या दोघा परगावच्या गवयांनी गावच्या मंडळींना पुढे घालून मेरिडियनला जागे केले. २६ मे १९५३ रोजी, विसाव्या पुण्यतिथीस, जिमीच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्याच्या शेजारी एक जुने वाफेचे इंजिन उभे करून ते गावच्या रेल्वे कामगारांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आले. ही कल्पना फार उचित होती. कारण ब्रेकमनचा गौरव त्याच्या सोबत्यांशिवाय अपुराच राहिला असता. हजारो लोक जमले, राज्यपाल आले, नामवंत गवई आले. पुढल्या वर्षीच्या उत्सवास अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांच्यासारखे राष्ट्रीय पुढारी उपस्थित राहिले, आणि १९५५ साली एल्व्हिस प्रेस्ली नावाचा एक नवखा पोरगा तेथे गाऊन गेला. मध्यंतरी हा उत्सव खंडित झाला, पण १९७० नंतरच्या दशकात पुन्हा उभा राहिला. १९६१ साली ग्रामीण संगीताच्या सन्मानमंडळाची स्थापना झाली, तेव्हा निवडलेल्या पहिल्या तिघांत जिमी होता. १९७६ मध्ये मेरिडियनमध्ये त्याचे संग्रहालय उघडले. टबने सुमारे चाळीस वर्षे सांभाळलेली गिटार गावी परतली. १९७८ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्याच्या चित्राचे तिकीट काढले.

हे सर्व यथायोग्य झाले. तरीही एक गोष्ट सांगितल्यावाचून लेखणी पुढे जात नाही. १९५३ च्या त्या थोर सोहळ्याच्या वेळी मिसिसिपी राज्यात गोऱ्यांच्या व काळ्यांच्या शाळा, पाणवठे, गाडीतील जागा, सर्व कायद्यानेच वेगळे होते. ज्या मजुरांनी पोरसवदा पाणक्याला गाणे दिले, त्यांच्या मुलाबाळांना त्या गौरवात बरोबरीचे स्थान नव्हते. पुढे ११ वर्षांनी, १९६४ च्या जूनमध्ये, याच मेरिडियन गावच्या जेम्स चेनी या एकवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा त्याच्या दोन सहकाऱ्यांसह शेजारच्या जिल्ह्यात खून झाला. मतदानाच्या हक्कासाठी झटणे, एवढाच त्यांचा अपराध. गावाने आपल्या गवयाला ओळखले होते, पण गवयाच्या गुरूंना ओळखले नव्हते.

ते ओळखावयास आणखी काळ जावा लागला. २००७ साली मिसिसिपी राज्याने ब्लूज संगीताच्या परंपरेचे जे स्मृतिफलक उभारले, त्यांतील एक मेरिडियनमध्ये जिमी रॉजर्सच्या नावे लागला. एका गोऱ्या गवयाचे कृष्णवर्णीयांच्या संगीताशी असलेले नाते त्यावर नमूद झाले. नंतर २०१० मध्ये ग्रामीण संगीताच्या परंपरेचा फलकही तेथे उभा राहिला. एकाच माणसासाठी दोन परंपरांचे दोन फलक! कोनशिलेवर कोरलेल्या पहिल्या नावापेक्षा उशिरा मिळालेली ही कबुली अधिक मोलाची आहे, असे आम्हांस वाटते.

कलेला वेशी नसतात याचा आणखी एक दाखला देऊन हा विषय आटोपता घेतो. जिमीच्या मुद्रिका इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, आपला हिंदुस्थान अशा अनेक देशांत पोचल्या. आफ्रिकेतील केनिया देशात किप्सिगिस नावाचे लोक राहतात. त्यांनी ग्रामोफोनवर हा आवाज ऐकला आणि जिमी रॉजर्स या नावाचे त्यांच्या बोलीत चेमिरोचा असे रूप झाले. त्या नावाची त्यांची स्वतःची गाणी १९५० साली ह्यू ट्रेसी या संशोधकाने ध्वनिमुद्रित केली. अर्धे शरीर माणसाचे व अर्धे हरणाचे असा कोणी अद्भुत गायक त्यांनी त्या गाण्यात कल्पिला होता. ज्या खंडातून साखळदंडांत बांधून नेलेल्या लोकांच्या वंशजांकडून जिमी गाणे शिकला, त्याच खंडात ते गाणे असे फिरून पोचले.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आपणही स्मरणिका काढतो, सत्कार करतो, तसबिरी लावतो. ते करीत असता मेरिडियनचे उदाहरण दृष्टीपुढे असावे. पहिली गोष्ट ही, की गुणी माणूस जिवंत असताना त्याची विचारपूस करावी. पुण्यतिथीची वाट पाहू नये. त्याचा पेशा आपल्या प्रतिष्ठेत बसतो की नाही, हा विचार गौण आहे. दुसरी गोष्ट ही, की कोणाचाही गौरव करताना त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसांची नावे शोधावीत. त्याला वाढविणारी मावशी, गाणी रचून देणारी मेहुणी, दिवा तेवत ठेवणारी पत्नी, आणि ज्यांच्याकडून त्याने विद्या घेतली ते लोक. ते आपल्या ज्ञातीबाहेरचे असतील, ज्यांना आपल्या वाडवडिलांनी उंबरठ्याबाहेर उभे केले असेच कदाचित असतील. त्यांचे ऋण मान्य केल्याने आपल्या माणसाची उंची तसूभरही कमी होत नाही.

पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी परिचय लिहिणाऱ्या तरुण मंडळींस एवढीच विनंती आहे, की आपल्या चरित्रनायकाने पदवी कोणती मिळविली हे अवश्य लिहावे. पण त्याच्या हाती पहिले वाद्य, पहिले हत्यार किंवा पहिली पाटी कोणी दिली, हेही त्याच्या घरी जाऊन विचारावे. घरातील वृद्ध मंडळींना ते अजून आठवत असेल. उशीर करू नये.